‘सीएनएन न्यूज सेंट्रल’: डेस्कवरच्या नजरेतून

रात्री नऊच्या चर्चांबद्दल सगळे बोलतात. कोण कुणावर ओरडलं, कुणी कुणाला गप्प केलं, हे दुसऱ्या दिवशी भाजी घेताना ऐकू येतं. पण भर दुपारी, बहुतेक लोक कामावर असताना, जो अँकर कॅमेऱ्यासमोर उभा राहून तासन् तास बातम्या सांगतो, त्याच्या कामाचं परीक्षण कुणी लिहीत नाही. माझी सगळी नोकरी नाशिकमधल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर झाली. पीटीआय-यूएनआय या वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारा मराठीत आणणं, वार्ताहरांची कॉपी तपासणं, हेडिंग देणं आणि वेळेत पान सोडणं हे माझं काम. त्यामुळे बातमी सांगण्यापेक्षा बातमी सांभाळण्याच्या कामाकडे माझं लक्ष आधी जातं. ‘सीएनएन न्यूज सेंट्रल’ हा अमेरिकी केबलवरचा दिवसाचा कार्यक्रम मी त्याच नजरेने पाहत आले. लेकीकडे न्यू जर्सीत राहायला जाते तेव्हा रोज, आणि नाशिकला असते तेव्हा जसा मिळेल तसा.

मत आधीच सांगून टाकते. काही घडत असेल त्या दिवशी हा कार्यक्रम फार चांगला आहे. काही घडत नसेल त्या दिवशी तो थकवतो. त्यातलं जे चांगलं आहे, ते आपल्याकडच्या बातमीवाल्यांनी बारकाईने बघावं असं मला मनापासून वाटतं.

कार्यक्रम ३ एप्रिल २०२३ ला सुरू झाला. त्याआधी दिवसाच्या बहुतेक तासांना ‘सीएनएन न्यूजरूम’ हे नाव होतं, ते २००६ पासून चालत आलेलं. नव्या रचनेत सकाळच्या भागात जॉन बर्मन, केट बोल्डुआन आणि सारा सिडनर असे तिघं, आणि दुपारच्या भागात ब्रियाना कीलर आणि बोरिस सांचेझ. दुपारी सुरुवातीला जिम स्कियुटोही होते. २०२५ च्या मार्चपासून वेळा अशा आहेत: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी सात ते दहा हा पहिला भाग आणि दुपारी एक ते चार हा दुसरा. मध्ये वुल्फ ब्लिट्झर यांची ‘सिच्युएशन रूम’ आणि बाराच्या ठोक्याला राजकारणाचा एक तास. नाशिकच्या घड्याळात पहिला भाग उन्हाळ्यात साडेचार ते साडेसात असतो. अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की तासभर उशिरा. म्हणजे आपला चार-पाचचा चहा होतो तेव्हा तिकडे लोक कामावर निघालेले असतात. दुसरा भाग आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो. तो जागून बघायचा म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या झोपेचा हिशेब आधी करावा लागतो.

दिसायला वेगळा आहे. टेबलामागे बसून बातम्या वाचणं इथे फारसं नाही. अँकर बहुतेक वेळ उभे असतात, मोठ्या पडद्यांसमोर चालत जातात, नकाशावर बोट ठेवून जागा दाखवतात. सुरुवातीला मला वाटलं होतं की ही नुसती सजावट. पण काही दिवसांत लक्षात आलं की उभ्या माणसाला बातमी बदलली तर लगेच वळता येतं. एका वार्ताहराशी बोलणं चालू असताना दुसरीकडून काही आलं, तर तो दोन पावलं सरकतो आणि मागचा पडदा बदलतो. बघणाऱ्याला धक्का बसत नाही.

माझी नात मात्र लवकर कंटाळली. शाळेतून आली की विचारायची, “आजी, तू हे परत परत का बघतेस? तेच तेच तर सांगतायत!”

मी म्हटलं, “तेच तेच नाही गं, नीट ऐक. मगाशी ‘पोलिसांनी सांगितलं’ म्हणाले होते, आता ‘महापौरांनी सांगितलं’ म्हणाले.”

“मग त्यात काय झालं?”

त्यात सगळंच झालं. दिवसभराच्या बातम्यांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच असतो की तेच ते दळतात. पण त्या कार्यक्रमासमोर कुणी तीन तास बसून राहत नाही. लोक येतात, वीस मिनिटं बघतात, उठून जातात. आत्ता आलेल्या माणसाला गोष्ट पहिल्यापासून सांगायची आणि आधीपासून बसलेल्याला काहीतरी नवं द्यायचं, हे दोन्ही एकाच वाक्यात साधावं लागतं. आमच्याकडे गावोगावी जाणारी डाक आवृत्ती आधी जायची, शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. कळवण-सुरगाण्याच्या वाचकाला जी बातमी मिळायची, तिचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, शहराच्या पानावर पुन्हा लिहावा लागायचा. घटना तीच, पण चार तासांत कळलेलं त्यात भरायचं आणि खोटं ठरलेलं गाळायचं. न्यूज सेंट्रलचा चांगला अँकर हे काम कागद-पेनाशिवाय, लोकांसमोर, दर काही मिनिटांनी करतो. ब्रियाना कीलर यात मला सगळ्यात तयारीची वाटते. तिचं पहिलं वाक्य बहुधा ताज्या माहितीचं असतं आणि दुसऱ्या वाक्यात ती मागची गोष्ट गुंडाळून देते. एखाद्या चांगल्या उपसंपादकाची कॉपी असावी तसं तिचं बोलणं असतं.

नाशिककरांना मी हे असं सांगेन. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण कुणालाही पहिला प्रश्न काय विचारतो? “मारुतीला पाणी कुठवर आलंय?” रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती ही आपली मोजपट्टी. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. मग होळकर पुलाखालून किती क्युसेक चाललंय आणि सराफ बाजारात पाणी शिरलं का. दिवसभर चालणाऱ्या बातमीने एवढंच सांगायचं असतं: आत्ता पाणी कुठे आहे, मगाशी कुठे होतं आणि हे कोण बघून सांगतंय. पाऊस का पडतो यावर चौघांना बसवून वाद घालायची त्या वेळी गरज नसते.

हे काम मी सगळ्यात चांगलं झालेलं पाहिलं ते २६ मार्च २०२४ ला. मी तेव्हा लेकीकडेच होते. रात्री दीडच्या सुमाराला बाल्टिमोर बंदरातून कोलंबोकडे निघालेलं ‘दाली’ हे मालवाहू जहाज वीज गेल्यामुळे भरकटलं आणि फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. १९७७ साली वाहतुकीला खुला झालेला तो लांबलचक पूल काही क्षणांत पाण्यात गेला. सकाळी उठले तेव्हा जावयांनी टीव्ही लावलेलाच होता. तेवढ्यात नाशिक रोडहून माझ्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांचा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. कुठल्या जहाजावर, हे घरात कुणालाच नक्की माहीत नव्हतं. “अगं वहिनी, त्या जहाजावर सगळी आपली माणसं आहेत म्हणतायत. तुमच्याकडे काय सांगतायत? जिवंत आहेत ना?”

मी फोन कानाला लावूनच बसले. पडद्यावर जे येत होतं त्यात चार गोष्टी स्पष्टपणे वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. जहाजावरचे कर्मचारी आणि बंदरातून जहाज बाहेर काढणारे दोन्ही पायलट सुखरूप असल्याचं जहाजाचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीने कळवलं आहे. पुलावर खड्डे बुजवणारे कामगार होते. आठ जण पाण्यात पडले, दोघांना वाचवलं, सहा जण बेपत्ता आहेत. जहाजाने संकटाचा इशारा दिल्यामुळे पोलिसांना पुलावरची वाहतूक थांबवायला थोडासा वेळ मिळाला. आणि जहाज का भरकटलं, याची चौकशी वाहतूक सुरक्षा मंडळ करणार आहे. घातपाताची चिन्हं नाहीत, असं अधिकारी म्हणत आहेत. ही चार विधानं, आणि प्रत्येकापुढे ते कुणाचं आहे ते. मी जाऊबाईंना पहिलं विधान शब्दशः सांगितलं. त्यांचा श्वास फोनमधून ऐकू आला.

जहाजावर सगळे भारतीयच आहेत असं पहिल्या बातम्यांत येत होतं. पुढे नेमकं कळलं की २१ कर्मचाऱ्यांपैकी २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा. हा बदल किरकोळ वाटेल. त्या श्रीलंकेच्या घरी तो किरकोळ नव्हता. बेपत्ता कामगार मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर या देशांतून पोटासाठी आलेले होते. त्यांच्यासाठी शोध घेतला जात होता तोवर ते ‘बेपत्ता’ होते. संध्याकाळी तटरक्षक दलाने शोध थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हाच त्यांच्या जिवंत सापडण्याची आशा सोडल्याचे शब्द आले. दिवसभर कुणी घाई केली नाही. त्या माणसांच्या घरचे कुठेतरी हाच टीव्ही बघत असतील याचं भान बोलण्यात होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बातमी सांगणाऱ्याची माणुसकी आवाज भरून आणण्यात नसते, शब्द एका तासाने उशिरा वापरण्यात असते.

मला २७ ऑगस्ट २००३ आठवतो. सिंहस्थातल्या शाही स्नानाच्या दिवशी नाशिकला चेंगराचेंगरी झाली. ३९ भाविक गेले. त्या दिवशी डेस्कवर दर थोड्या वेळाने वेगळा आकडा येत होता. सिव्हिल हॉस्पिटलमधून एक, पोलीस कंट्रोलमधून दुसरा, घाटावर उभ्या असलेल्या आमच्या वार्ताहराचा तिसरा. आमचे वृत्तसंपादक माझ्या खांद्यामागे उभे राहून म्हणाले होते, “ताई, आकडा लिहा, पण कुणाचा ते आधी लिहा.” त्या रात्री आमचं पान उशिरा सुटलं. चुकीचा आकडा मात्र गेला नाही. बाल्टिमोरच्या दिवशी तीच शिस्त मला टीव्हीवर दिसली. बारा-चौदा तास सतत बोलावं लागत असताना ती पाळणं कागदावर पाळण्यापेक्षा किती कठीण असेल, याची मला कल्पना आहे.

ही शिस्त काही जन्मापासून नव्हती. २८ जून २०१२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओबामांच्या आरोग्य विमा कायद्यावर निकाल दिला. निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आधी सरकारचा एक युक्तिवाद फेटाळला आणि पुढे दुसऱ्या आधारावर, म्हणजे कर लावण्याच्या अधिकाराखाली, विमा घेण्याची सक्ती कायम ठेवली. निकाल पाच विरुद्ध चार असा कायद्याच्या बाजूने होता. सीएनएनने पहिला भाग वाचून सक्ती रद्द झाल्याचं सांगून टाकलं, पडद्यावर पट्टीही चालवली. फॉक्सनेही तेच केलं. काही मिनिटांतच सगळं उलटं फिरवावं लागलं आणि सीएनएनला दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढच्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांनंतर अटक झाल्याची बातमी दिली गेली, ती अटक झालेलीच नव्हती. आता न्यायालयाचा मोठा निकाल येतो तेव्हा वार्ताहर हातातली पानं उलटत उभा असतो आणि “अजून वाचतो आहोत, थांबा,” असं सरळ सांगतो. बघणाऱ्याला ती दोन-तीन मिनिटं जड जातात. मला ती कार्यक्रमातली सगळ्यात मोलाची मिनिटं वाटतात.

आता सारा सिडनरबद्दल. हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असेल, कदाचित विसरले असतील. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ती सीएनएनची दिल्लीतली वार्ताहर होती आणि ताजमहाल हॉटेलबाहेरून तिने त्या दिवसांचं वार्तांकन केलं. त्या वेळी आपल्या वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली जशाच्या तशा दाखवल्या, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात कडक शब्दांत नापसंती नोंदवली. घटनास्थळी उभं राहून काय दाखवायचं नाही, हा प्रश्न त्या तीन दिवसांत मुंबईत असलेल्या प्रत्येक वार्ताहरापुढे होता. सिडनर आज न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभी असली तरी तिचे प्रश्न अजून रस्त्यावरच्या वार्ताहराचे असतात. “तुम्ही स्वतः पाहिलंत का?” आणि “आत्ता तुमच्या आजूबाजूला काय आहे?” हे दोन प्रश्न ती समोरच्याला विचारतेच.

८ जानेवारी २०२४ ला याच कार्यक्रमात तिने सांगितलं की तिला स्तनांचा कर्करोग आहे, तिसऱ्या टप्प्याचा, आणि केमोथेरपी चालू आहे. प्रेक्षकांना तिने ओळखीतल्या आठ बायकांची नावं आठवायला सांगितली, कारण अमेरिकेत आठातल्या एकीला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा किती जास्त आहे, तेही सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण माहिती एकही सुटली नाही. ती क्लिप मी आमच्या भिशीच्या बायकांना पाठवली. इंग्रजी सगळ्यांना कळलं नाही म्हणून खाली मराठीत चार ओळी लिहिल्या. आमच्यातल्या दोघी, ज्या वर्षानुवर्षं “बघू, बघू” म्हणत होत्या, मॅमोग्राफी करून आल्या. टीव्हीवरच्या कुठल्याही कार्यक्रमाला मी याहून मोठी पावती देऊ शकत नाही.

सीएनएन हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते पडद्यावर नाही, तारेत. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं. टेलिप्रिंटरवर येणाऱ्या कॉपीत ‘सीएनएनच्या हवाल्याने’ असं पुन्हा पुन्हा यायला लागलं. बगदादच्या अल रशीद हॉटेलमधून पीटर आर्नेट, बर्नार्ड शॉ आणि जॉन हॉलिमन बॉम्बवर्षावाचं वर्णन करत होते आणि जगभरची वर्तमानपत्रं ते ऐकून लिहीत होती. आम्ही नाशिकला बसून त्यांचंच मराठी करत होतो. ही वाहिनी मुळात अटलांटात टेड टर्नर यांनी १ जून १९८० ला सुरू केली. चोवीस तास नुसत्या बातम्या कोण बघणार, असं तेव्हा धंद्यातल्या जाणत्यांनाच वाटत होतं.

तिच्या दिवसाच्या बातम्यांमधला जो क्षण मला सगळ्यात मोठा वाटतो, तो २८ जानेवारी १९८६ चा. चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचं उड्डाण इतर मोठ्या वाहिन्यांनी नेहमीचंच म्हणून थेट दाखवलं नव्हतं. सीएनएन दाखवत होतं. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी आकाशात स्फोट झाला. निवेदक टॉम मिंटियर काही सेकंद काहीच बोलले नाहीत. चित्र समोर होतं आणि सात माणसांचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं. ते गप्प राहणं मी नंतर जुन्या चित्रफितीत पाहिलं, आणि मला वाटतं की बातमीच्या धंद्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाला ते दाखवलं पाहिजे. नाशिकच्या एचपीटी कॉलेजातल्या पत्रकारितेच्या मुलांशी बोलायचा योग आला की मी ते हमखास सांगते. मुलं विचारतात, “मॅडम, पण डेड एअर, म्हणजे नुसती शांतता गेली तर बॉस ओरडेल ना?” ओरडेल. तरी थांबा.

आता जे खटकतं ते. अमेरिकेतलं राजकारण या कार्यक्रमाचे तासच्या तास खाऊन टाकतं. राष्ट्राध्यक्षांनी ओव्हल ऑफिसमध्ये वार्ताहरांना बोलावलं की ते सगळं थेट, कितीही वेळ. मग त्यावर दोन पक्षांचे दोन जण, मग एक माजी सरकारी वकील, मग पुन्हा तेच दोघं. घडलेलं काहीच नसतं, म्हटलेलं मात्र पुष्कळ असतं. अशा दिवशी मी वीस मिनिटांत टीव्ही बंद करते आणि तुम्हीही करा. आकड्यांवर काम करणारा हॅरी एन्टन आला तर तेवढं जरूर बघा. हातवारे करत, पडद्यासमोर नाचल्यासारखा बोलतो, पण जनमत चाचण्यांचे आकडे मागच्या निवडणुकांशी ताडून दाखवतो आणि त्याचा आनंद खरा असतो. डॅनियल डेल नेत्यांची विधानं तपासतो, तोही कोरड्या, भरभर आवाजात, एकामागून एक. या दोघांना चर्चेतल्या पाहुण्यांचा निम्मा वेळ द्यावा, अशी माझी इच्छा आहे.

‘ब्रेकिंग न्यूज’ची लाल पट्टी कमी वापरायचं २०२२ च्या जूनमध्ये त्या वेळचे प्रमुख ख्रिस लिक्ट यांनी ठरवलं होतं. थोडा फरक पडला. अजून बरंच बाकी आहे. सकाळी कळलेली गोष्ट दुपारी ब्रेकिंग कशी, हे मला डेस्कवरच्या कुणीतरी समजावून सांगावं.

जाहिरातींबद्दल थोडक्यात: अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या जाहिराती टीव्हीवर चालतात. बागेत हसणारी माणसं आणि मागे दुष्परिणामांची लांबलचक यादी. बाल्टिमोरच्या बेपत्ता माणसांच्या बातमीनंतर लगेच ते बघताना मला त्रास झाला.

आपल्याबद्दल म्हणाल, तर भारत या कार्यक्रमात अपघात, निवडणूक किंवा अमेरिकेशी भांडण असेल तरच येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं तेव्हा नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत पार्ट बनवून बाहेर पाठवणाऱ्यांच्या घरात काय चाललं होतं ते मी शेजारी बघत होते. कार्यक्रमात मात्र सगळा भर अमेरिकी ग्राहकाला वस्तू किती महाग पडणार यावर. त्यांचा प्रेक्षक तो आहे, हे मान्य. पण जगभरात वार्ताहर ठेवणाऱ्या वाहिनीने दुसऱ्या टोकालाही माईक न्यायला हवा होता.

एका गोष्टीसाठी मात्र मी अमेरिकेच्या टीव्हीला हात जोडते. आमच्या ह्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. इथे मराठी बातम्या लागल्या की आवाज इतका मोठा करावा लागतो की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात. न्यू जर्सीत लेकीने रिमोटवरचं एक बटण दाबलं आणि बोललेला प्रत्येक शब्द खाली अक्षरांत उमटायला लागला. थेट बातम्यांमध्येसुद्धा, चार-पाच सेकंद मागे. मधूनमधून एखादं नाव चुकतं, पण अर्थ कळतो. तिथे १९९० मध्ये कायदा करून १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्हीत ही अक्षरं दाखवायची सोय सक्तीची केली गेली, १९९३ पासून. आमचे हे पहिल्या दिवशी दोन तास हलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अहो, हे लोक ओरडत नाहीत, मला आजवर वाटायचं सगळेच ओरडतात.” मराठी वाहिन्यांनी एवढं एक जरी केलं, दिवसाच्या मुख्य बातम्यांपुरतं तरी, तर घराघरांत कोपऱ्यात बसलेली म्हातारी माणसं पुन्हा बोलण्यात येतील. हे मी जिथे संधी मिळेल तिथे मागते आणि मागत राहीन.

नाशिकहून बघायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. डीटीएचवर येतो तो सीएनएन इंटरनॅशनल. त्यावर हा कार्यक्रम नेहमी मिळेलच असं नाही, पण अमेरिकेत काही मोठं घडलं की तिथलं प्रक्षेपण तसंच्या तसं इथे येतं. एरवी यूट्यूबवर निवडक तुकडे मिळतात. तुकड्यांत गंमत कमी होते, कारण या कार्यक्रमाची खरी ओळख तासाभरात एकच बातमी कशी बदलत गेली यात आहे, आणि तुकडा कापणारा नेमकं तेच कापून टाकतो. म्हणून एखाद्या मोठ्या दिवशी सलग तास दीड तास बसा. जवळ वही ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेली पाच विधानं आणि ती कुणाच्या नावावर सांगितली ते लिहून ठेवा. तासाभराने त्यातली किती टिकली, किती बदलली आणि किती नाहीशी झाली ते तपासा.

२०२७ चा सिंहस्थ आता तोंडावर आहे. गोदाकाठी कॅमेरे, ड्रोन, मोबाइल घेऊन शेकडो पोरं उभी असतील, आणि प्रत्येक जण थेट असेल. एचपीटीच्या मुलांना मी बाल्टिमोरच्या त्या सकाळचं प्रक्षेपण दाखवायचं ठरवलं आहे. त्यांचे सर तयार आहेत, वर्ग शनिवारी दुपारी घेणार आहोत, आणि आधी टीव्हीचा आवाज बंद ठेवून नुसती खालची अक्षरं वाचायला लावणार आहे.